उंटाचे मागचे पाय

बेलापूर
रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

यशया,

सलाम.

हे तिसरं पत्र. पहिली दोन पोचली नाहीत असं सांगू नकोस. लेस्टरचा पत्ता मी तुझ्याच जुन्या पाकिटावरून उतरवते आणि पोस्टमास्तर माझ्यासमोर शिक्का मारतात.

मला तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्या आहेत. अब्राहामचा चेहरा दिसेल असा एक फोटो. आणि पाळकसाहेबांच्या नावाने चार ओळी, आपला भाऊ तिकडे काय काम करत होता याबद्दल. खरं ते लिही. इथे माझ्याकडून एक चूक झाली आहे आणि ती आता दगडावर कोरली जाणार आहे.

चूक अशी. डिसेंबरात लंडनहून मार्गारेट नावाच्या बाईचं पत्र आलं. अब्राहाम टेलिव्हिजनच्या ज्या मालिकेत काम करायचा, तिथला कपडेपट ती सांभाळते. पत्र आलं तेव्हा घरात आई होती आणि पाळकसाहेब उजागरे चहाला आले होते. आईने पाकीट माझ्या हातात दिलं. "मोठ्यानं वाच," म्हणाली. मी वाचत गेले आणि मराठीत सांगत गेले. बाईने लिहिलं होतं की अब्राहाम हा त्यांच्याकडचा सगळ्यात मायाळू मॉन्स्टर होता. अक्षर गिचमिड. सुरुवातीचा एम आणि शेवटचं स्टर तेवढं स्पष्ट. मी मिनिस्टर वाचलं, म्हणजे पाळक.

पुढचं सगळं त्या शब्दाला शोभेल असंच होतं. दर शनिवारी तो लाखो घरांत जायचा. मुलं त्याला पत्रं लिहायची. त्या जाड झग्यात त्याला फार उकडायचं, पण त्याने कधी तक्रार केली नाही. अंगावर झगा असतानाच तो गेला.

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. "वस्त्रात असतानाच प्रभूने नेलं," म्हणाले. "राहीबाई, मुलगा मिनिस्टर झाला आणि तुम्ही मंडळीला सांगितलं नाही?"

आई म्हणाली, "मला तरी कुटं सांगितलं त्यानं."

मग पाळकसाहेबांना शंका आली. तुला वाटेल, आता सगळं उलगडलं असतं. त्यांची शंका वेगळी होती. "शनिवारी का? रविवारी का नाही? शनिवार पाळणाऱ्या पंथात तर गेला नव्हता?" त्यांनी पत्र मागितलं, चष्मा लावला, ती ओळ पुन्हा वाचली. त्यांनाही मिनिस्टरच दिसलं. शेवटी शनिवार हा घरभेटींचा वार असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पत्रात आणखी एक वाक्य होतं, की सात वर्षांत त्याच्या वाट्याला बोलायला एकही ओळ आली नाही. त्यावर म्हणाले, "प्रार्थनेचा माणूस असेल."

पुढच्याच रविवारी पंचांनी ठरवलं. चर्चच्या भिंतीत, दाराच्या उजवीकडे त्याच्या नावाचा दगड बसवायचा. ‘रेव्ह. अब्राहाम शमुवेल मकासरे, १९३० ते १९७२.’ ईस्टरच्या दिवशी अनावरण. बावीस एप्रिल.

मी बोलले तर मीच खोटी ठरते. तू लिहिलंस तर ती लंडनच्या बाईच्या अक्षराची चूक ठरेल. तू सात वर्षं घरी कळवत होतास की तो ऑफिसात आहे. आता एकदा दुसरं काही कळव.

दया

बेलापूर
रविवार, २५ फेब्रुवारी

यशया,

फोटो आला. तुझ्याकडून नाही.

मी मार्गारेटबाईला चेहऱ्याचा फोटो मागितला होता. ती लिहिते की चेहऱ्याचा एकही नाही, कोणी काढलाच नाही. जो आहे तो पाठवला, आणि त्याचीच एक प्रत तुझ्या पत्त्यावर. दगडाच्या खाणीत पाच जण ओळीने उभे आहेत. अंगभर खवले. डोकी डांगराएवढी, डोळ्यांच्या जागी काचेच्या वाट्या. मालिकेत हे दलदलीतले लोक असतात, दूरच्या ताऱ्यावरून आलेले. फोटोच्या मागे पाच नावं आहेत, पण कोणतं कोणाचं ते लिहिलेलं नाही. बाईला वाटतं, घरची माणसं ओळखतीलच.

मी तो आईला दाखवणार नव्हते. मी शाळेत गेले होते आणि टपालवाल्याने पाकीट तिच्याच हातात दिलं. संध्याकाळी श्रीरामपूरच्या बसमधून उतरून घरी आले तर ती फोटो मांडीवर घेऊन बसलेली.

"ही खान कुटली?"

"विलायतेतली."

"तिकडं बी दुस्काळ पडलाय?"

मी म्हटलं, नाही.

"मंग ही मानसं खडी फोडाया का लावलीत?"

तिची चूक नाही. मंडळीतली अर्धी माणसं सध्या दुष्काळी कामावर आहेत. खाणीसमोर ओळीने उभी केलेली माणसं म्हटली की आम्हाला इथे दुसरं काही सुचत नाही. छबूबाई शेजारून डोकावली होती, तीसुद्धा म्हणाली, "त्येंना टोप्या तरी चांगल्या दिल्यात. आमच्या मानसांची टकुरी भाजत्यात."

मी म्हटलं, हे नाटक आहे.

"मिनिस्टर नाटकात काम करत्यात?"

मी म्हटलं, नाताळचं असेल.

आईने चष्मा पदराला पुसला आणि मधल्यावर बोट ठेवलं. "ह्यो. बगळा."

तुला आठवत असेल. अब्राहाम लहानपणी एका पायावर उभा राहायचा, डाव्या पायाचा तळवा उजव्या पोटरीला टेकवून. आई त्याला बगळा म्हणायची. फोटोतल्या मधल्याचा एक पाय खरंच उचललेला आहे. खडा झटकायला उचलला असेल तरी मला कळायचं नाही. मला पाचही सारखे दिसतात. सहा महिन्यांचं बाळ झोपवावं तसा आईने तो फोटो उशीशेजारी ठेवला आहे, आणि तो अब्राहाम आहे की त्या पाच नावांतला कोणी डेरेक, हे मला ठाऊक नाही.

तू ओळखशील. त्याच्या इतकं जवळ दुसरं कोणी राहिलेलं नाही, आणि मी इंग्लंडबद्दल बोलत नाही. नाताळच्या नाटकातल्या उंटाबद्दल बोलते आहे. आईने साखरेची पोती उसवून शिवलेला उंट. तो चौदा वर्षांचा, पुढे. तू नऊ वर्षांचा, मागे, वाकून, त्याच्या पाठीला डोकं टेकवून. तीन वर्षं तुम्ही तो उंट दारापासून गव्हाणीपर्यंत चालवलात. मॅट्रिकपर्यंत गावातली पोरं तुला ‘मागचे पाय’ म्हणायची आणि तू दगड मारायचास. अब्राहामला मात्र कोणी पुढचे पाय म्हटलं नाही. त्याला उंट म्हणायचे. याचा राग तू त्याच्यावर का काढलास ते मला कधी कळलं नाही.

डावीकडून कितवा, एवढंच लिही. एक आकडा.

दया

बेलापूर
रविवार, ११ मार्च

यशया,

आकडाही नाही.

बरं. मग मी लिहिते.

अक्षर गिचमिड नव्हतं. मार्गारेटबाईचं अक्षर आमच्या शाळेतल्या कित्ता गिरवणाऱ्या मुलींपेक्षा चांगलं आहे. मॉन्स्टर हा शब्द मला स्वच्छ वाचता आला, आणि तो वाचून मी मिनिस्टर म्हणाले. पाळकसाहेबांनी पत्र मागितलं तेव्हा मी त्या शब्दावर बोट ठेवून ‘हा पाहा’ म्हटलं. दाखवणाऱ्याच्या तोंडून जे ऐकलं तेच माणसाला कागदावर दिसतं. वीस वर्षं मी मुलींना वाचायला शिकवते आहे, मला एवढं माहीत आहे.

का म्हणाले ते सांगते. मी मनातल्या मनात दोन ओळी पुढे होते. पुढे लिहिलं होतं की तो जेवणाच्या सुट्टीत खुर्चीवर बसला. डोकं चढवलेलंच होतं, कारण ते काढायला दुसरं माणूस लागतं आणि बाकीचे जेवायला गेले होते. परत आल्यावर तो विश्रांती घेतो आहे असं त्यांना वाटलं. अर्धा तास कोणाला कळलं नाही. बाई लिहिते की त्या अर्ध्या तासात ती स्वतः त्याच्या शेजारी बसून बाही शिवत होती आणि त्याच्याशी बोलत होती.

हे मी आईसमोर मराठीत कसं सांगायला हवं होतं, ते तू सांग. तू सांगणार नाहीस. मी तिथल्या तिथे एक शब्द बदलला आणि बाकीचं आपोआप जुळत गेलं. मुखवट्याचा झगा झाला. खुर्ची मी वगळली.

तो काय करतो हे मला पासष्ट सालापासून माहीत होतं. त्याने मला लिहिलं होतं. पत्र अजून आहे. "दये, पुन्हा उंट झालोय. फक्त आता मागे कोणी नाही, म्हणून तोल सांभाळायला वेळ लागला." एवढंच, आणि आईला सांगू नकोस, ती काळजी करेल. मी सांगितलं नाही. तेव्हा लपवण्यात मीही काही मागे नाही.

सदुसष्टच्या नाताळचंही त्याने लिहिलं होतं. तो तुझ्याकडे आला होता. तुझ्या सासऱ्यांकडे टेलिव्हिजन लावला होता, शनिवार होता, पोरं ओरडत होती. सासऱ्यांनी विचारलं, ह्या सोंगांच्या आत कोण माणसं असतात? आणि तू म्हणालास, कोण जाणे. तो त्याच खोलीत खुर्चीवर बसला होता. त्याने तुला दोष दिलेला नाही. नुसतं कळवलं, आणि पुढे लिहिलं की केक चांगला होता. सकाळच्या गाडीने तो परतला आणि त्यानंतर तुम्ही बोलला नाहीत. न बोलणारा तू होतास.

पाच वर्षं मला तुझा संताप येत होता. आता पूर्ण येत नाही, याचाही संताप येतो. तू म्हणालास कोण जाणे आणि मी म्हणाले मिनिस्टर. काम एकच झालं.

काल आसारामकडे गेले होते. आसाराम म्हणजे आपला पाथरवट, दगड त्याच्याकडेच दिला आहे. थांबव म्हणायला गेले होते. त्याने नाव अजून घेतलं नव्हतं, पण ‘रेव्ह.’ कोरून झालं होतं. सुरेख कोरलं आहे. "मानाचा शबुद, म्हून आदी त्योच घेतला," म्हणाला. मी तशीच परत आले.

त्याचं दफन कुठे झालं, तू गेला होतास की नाही, हे अजून आम्हाला माहीत नाही.

दया

बेलापूर
रविवार, ८ एप्रिल

यशया,

सांगितलं.

आधी आईला, काल दुपारी. ती ज्वारी निवडत होती. मी म्हटलं, आई, अब्राहाम मिनिस्टर नव्हता. पत्रात तसं नव्हतं. मी तसं वाचलं.

"मंग कोन हुता?"

मॉन्स्टर हा शब्द मराठीत सांगायला मला वेळ लागला. राक्षस म्हणवेना. मी म्हटलं, सोंग घ्यायचा. त्या फोटोत आहे तसं. लोक बघायचे.

"उंटावानी?"

"उंटासारखंच."

तिने सूप खाली ठेवलं. "मंग तसं सांगायचं की, बये. तीन महिनं मी त्याला उपदेश करताना बघाया लागले. डोळं मिटलं की पुलपिटावर उभा, आन तोंडातनं शबुद न्हाई. त्याला चार वाक्यं कवा धड बोलता आली? मला वाटायचं, परक्या मुलखात माज्या लेकराची फजिती चाललीया."

मी तीन महिने तिला ज्यापासून वाचवत होते ते हे.

मग खुर्चीचंही सांगितलं. ती म्हणाली, "किती येळ?" मी म्हटलं, अर्धा तास. शेजारी एक बाई होती, शिवत होती. बोलत होती त्याच्याशी. आई उठली. पाण्याच्या हंड्यावरचं झाकण तिने काढलं आणि परत ठेवलं. पाणी घेतलं नाही. जरा वेळाने म्हणाली, "बाई हुती म्हंजी बरं झालं."

आज उपासनेनंतर पंच चर्चच्या ओट्यावर बसले. आसारामलाही बोलावलं होतं. मी उभी राहून सांगितलं, मिनिस्टर नाही, मॉन्स्टर. चूक अक्षराची नव्हे, माझी. पाळकसाहेबांचा चेहरा पाहवत नव्हता. तीन महिन्यांत त्यांनी अब्राहामवर दोन उपदेश केले आहेत.

"दयाबाई, तुम्ही शिक्षिका," एवढंच म्हणाले.

आबासाहेब पंचांमध्ये सगळ्यात मोठ्या आवाजाचे. ते म्हणाले, "दगड रद्द करा. देवाच्या भिंतीत सैतानाचं सोंग नको."

आई पायरीवर बसली होती. तिला कोणी विचारलं नव्हतं. म्हणाली, "आबासाहेब, तुमी त्याच नाटकात मेंढरू हुता. उंट यायच्या आदीच गव्हाणीपाशी झोपून गेल्ता. माज्या अब्राहामनं तुमाला पायानं सरकवलं, म्हून ज्ञानी लोकांस्नी वाट झाली."

आसाराम मोठ्याने हसला. मग पंचही हसले. आबासाहेब म्हणाले, "तवा मी सात वर्षांचा हुतो, राहीबाई."

"व्हय. त्यो बी चौदाच वरसांचा हुता. त्याला तवा कुनी सैतान म्हनलं न्हाई."

पाळकसाहेबांनी शास्त्र काढलं. ज्ञानी लोक उंटावरून आले असं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही, उंट आपण नाटकात घातला. आई म्हणाली, "लिवलं नसंल. पर तीन वरसं ह्याच दारातनं आत आला, तुमच्या आदीच्या पाळकांनी त्याला पेढा चारला." पाळकसाहेबांनी मान हलवली आणि म्हणाले, दगड राहू द्या, ‘रेव्ह.’ मात्र काढा. खोटं भिंतीत नको.

आता आसारामची पाळी. "दगुड हाय साहेब, पाटी न्हाई. पुसलं तर खड्डा ऱ्हातुया. नावाआदी खड्डा बरा दिसंल का?"

"मंग खड्ड्यात उंट काढ," आई म्हणाली.

पंच एकमेकांकडे पाहू लागले. कोणी नाही म्हणालं नाही. आबासाहेबसुद्धा. आसारामने विचारलं की उंट कसा असतो; त्याने एकदाच पाहिला आहे, नगरला सर्कशीत, आणि तोही बसलेला. आईने खडू मागितला आणि ओट्यावर काढून दाखवला. तिने तरी कुठे पाहिलाय. पोत्याचा उंट काढला तिने, मानेपाशी शिवण असलेला.

ईस्टरला दोन आठवडे आहेत. तुझ्याकडून फोटो नको, चार ओळी नकोत. त्यांची गरज संपली. तो आकडा मात्र अजून हवा आहे. मला हवा आहे. आई ज्याच्याशी बोलते तो माझा भाऊ आहे की नाही, हे मला कळायला हवं.

दया

बेलापूर
सोमवार, २३ एप्रिल

यशया,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार महिन्यांनी तीन वाक्यं. "अक्का, डावीकडून पहिला. दफनाला मी गेलो होतो. मागे उभा होतो."

मी ते बसमध्ये चार वेळा वाचलं. शाळेतल्या मुलीने असा निबंध दिला असता तर परत लिहायला लावला असता. मग घरी येऊन फोटो पाहिला. डावीकडच्या पहिल्याची पाठ बाकीच्या चौघांपेक्षा किंचित वाकलेली आहे. मागून कोणाचा भार यायचा असावा, तशी. मी हे दोन महिने पाहत होते आणि मला दिसलं नव्हतं.

म्हणजे आई चुकली. उशीशेजारी ती ज्याच्याशी बोलते तो मधला डेरेक आहे किंवा आणखी कोणी. मला हे सांगायचं नव्हतं. गप्प राहायला मला फार सोपं गेलं असतं, सराव आहे. पण दोन आठवड्यांपूर्वी ओट्यावर उभी राहून जे बोलले त्याची शाई अजून वाळलेली नव्हती. मी सांगितलं. यशयाचं पत्र आलंय. तो म्हणतो, पहिला.

आईने पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं. वाचता येत नाही तरी करते. म्हणाली, "त्याला काय ठावं? त्यो मागं हुता, पोत्यात. त्याला उंट कवा दिसला? उंट म्या बघितलाय."

मी म्हटलं, त्याला पाठ माहीत आहे.

तिने चष्मा लावला, पहिल्याकडे पाहिलं, मधल्याकडे पाहिलं. फोटो परत ठेवला. मत बदललं की नाही ते सांगत नाही. पण काल सकाळी चर्चला निघताना तिने फोटो चोळीत ठेवला तेव्हा पाहिलं, डावीकडची कड जरा मळलेली आहे. अंगठ्याने.

काल अनावरण झालं. पाळकसाहेबांनी तिसरा उपदेश केला, आणि तो पहिल्या दोनपेक्षा बरा होता, कारण लहान होता. ‘मायाळू’ हा मार्गारेटबाईचा शब्द त्यांनी ठेवला. मंडळीत फार माणसं नव्हती. दुष्काळी कामावरची बरीचशी तिकडेच होती. ईस्टरलाही हजेरी चुकवता येत नाही. मग सगळे बाहेर दगडापाशी आले. दगड मांडीएवढ्या उंचीवर बसवला आहे, बघायला वाकावं लागतं.

उंट अर्धाच आहे. आसारामने डोकं, मान आणि पुढचे दोन पाय काढले आणि जागा संपली. ‘रेव्ह.’एवढाच खड्डा, त्यात किती मावणार. मागचे पाय जिथे यायला हवेत तिथे अब्राहामचा ‘अ’ सुरू होतो. तोंड म्हशीचं वाटतं. आसाराम सगळ्यांना सांगत होता, "पुढचं नगरच्या सर्कशीवानी घेतलंय, मागचं म्हातारीला ठावं." आबासाहेबांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "मागचे पाय कुठं गेले?"

"विलायतेला," आई म्हणाली.

लोक हसले. मीही हसले. मग मला ते हसण्यासारखं राहिलं नाही, आणि मी चपला शोधायला गेले.

हे पत्र लिहिते आहे तर ती समोर बसली आहे आणि विचारते आहे की कागदावर किती जागा उरली. मी म्हटलं, दोन ओळी. म्हणाली, मंग माजं घाल. तिच्या शब्दांत घालते, एकही बदलत नाही.

"पुढचा गेला. आता मागच्याला म्हनावं, वाकून राहू नगं. सरळ हो आन घरी ये. वाट पुढच्यालाच ठावी हुती, पर दार त्येच हाय."

दया